पाच नाणी परत मागावी का?



ह्या खेपेस आमच्याकडे दोन पत्रे आली आणि दोन्ही एकाच घरातली निघाली. एक आजोबांचे, चार पानी, शाळेत वळण लावलेल्या जुन्या अक्षरातले. दुसरे त्यांच्या दहा वर्षांच्या नातीचे, वहीच्या फाडलेल्या कागदावर, निम्मे मराठी आणि निम्मे जर्मन. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहिले असावे. नाव छापायचे नाही ह्या अटीवर दोघांनीही होकार दिला आहे.

नातीने विचारले आहे: "कोहेनला सगळ्यांच्या आधी का बोलावतात? तो आपल्यापेक्षा चांगला असतो का? मग त्याने आमच्या बाळाचे पैसे का घेतले?"

आता आजोबांची हकिगत. पेसाहनंतर त्यांच्या धाकट्या मुलाच्या पहिल्या मुलाचा पिदयोन हबेन झाला. लहानांसाठी सांगतो, आईच्या पोटचे पहिले मूल मुलगा असेल तर तो देवाचा मानतात, आणि तो एक महिन्याचा झाला की बाप पाच चांदीची नाणी कोहेनाला देऊन त्याला सोडवून घेतो. आपल्या बेने-इस्राएलांत कोहेन नाहीत, असेच आपले वडीलधारे सांगत आले. म्हणून प्रार्थनेला येणाऱ्या एका कोहेनाला विनंती केली. हा गृहस्थ बऱ्याच वर्षांपूर्वी युक्रेनहून इथे आलेला, एकटा राहतो. तो आला, त्याने बापाला विचारायचे ते विचारले, नाणी घेतली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मलिदा त्याने जन्मात पहिल्यांदा खाल्ला, आणि दोनदा मागून घेतला (ह्याचा राग मात्र आजोबांना आलेला नाही!). मग नाणी कोटाच्या खिशात घालून तो घरी गेला.

घरचे संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसले. मुंबईत तर कोहेन नाणी घ्यायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत परत करायचा. इथे नाणी गेली ती गेलीच. मुलाला सात महिने काम नाही, चांदी उसन्या पैशांनी आणलेली. पुढे शावुओथच्या दिवशी कोहेन आशीर्वाद द्यायला पुढे उभे राहिले तेव्हा त्यांत हाही होता. आजोबांनी मुलाचा हात धरला आणि दोघे बाहेर बोळात जाऊन उभे राहिले. आता किप्पूर जवळ आला. आजोबा विचारतात, "मी केले ते चूक का बरोबर? आणि नाणी परत मागितली तर पाप लागेल का?"

आम्ही काही हाखाम नव्हे. वडिलांकडून ऐकले, पुस्तकांत वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले तेवढे सांगतो. शेवटचा निवाडा आपापल्या रब्बींकडून घ्यावा.

आधी नातीला उत्तर. नाही ग बाळ, कोहेन आपल्यापेक्षा चांगला असतो म्हणून त्याला आधी बोलावत नाहीत. कोहेन म्हणजे अहरोनच्या वंशातला माणूस. यरुशलेमचे मंदिर होते तेव्हा तिथली सेवा त्याच्याकडे होती, म्हणून त्याला मान द्यायची तोराची आज्ञा आहे. तोरा वाचायला पहिला कोण, दुसरा कोण, ह्यावरून भांडणे नकोत म्हणूनही हा क्रम ठरवून टाकला. आधी कोहेन, मग लेवी, मग इस्राएल. मिश्नाच्या गित्तीन भागात ह्याचे कारण अगदी उघड दिले आहे: शांततेसाठी. इथे हॅनोव्हरात सरकारी कचेरीत आपण नंबराचे तिकीट काढून बसतो ना? पहिल्या नंबरवाला शहाणा असतो असे थोडेच आहे! पण नंबर आहे म्हणून कोणी कोणाला ढकलत नाही.

आणि मान आहे तशी बंधनेही आहेत. कोहेनाने घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करायचे नाही. अगदी जवळचे नातलग सोडले तर मयताजवळ जायचे नाही, कबरस्तानात पाऊल ठेवायचे नाही. मित्राला पोचवायला आला तरी त्याने फाटकाबाहेर उभे राहायचे. हे भर पावसात उभे असलेले कोहेन आम्ही पाहिले आहेत. आणि खरी परीक्षा येते तेव्हा तर क्रमच उलटतो. मिश्नाच्या होरायोथ भागात म्हटले आहे की, अडाणी मुख्य कोहेन आणि तोरा शिकलेला ममझेर, म्हणजे ज्याचा जन्मच धर्माने निषिद्ध संबंधातला आहे असा माणूस, ह्या दोघांत शिकलेल्याचा हक्क आधी. हे आमच्या लहानपणी आम्हांला कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, कारण तेव्हा कोहेन दिसला की आम्ही घाबरून आईच्या पदराआड जात असू.

मान विकत मिळतो का, हाही प्रश्न जुनाच आहे. जुन्या वाचकांना आठवत असेल, सिम्हा तोराला आपल्या मशिदीत मिसव्यांचा लिलाव होई. (मुलांनो, मुंबईचे आपले लोक सिनगॉगला मशीदच म्हणत. सामुएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेली ती जुनी मशीद.) पैसे सणाच्या दिवशी हातात घ्यायचे नसत, नुसता बोललेला आकडा लक्षात ठेवायचा आणि नंतर पोचवायचा. एकदा एका गृहस्थाने आवेशात आकडा बोलून टाकला आणि त्यांच्या बाईंनी वरच्या गॅलरीतून कपाळावर हात मारला, तो आवाज खालपर्यंत आला होता! पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी रब्बी योसेफ कोलोन ह्यांच्याकडे असाच एक खटला गेला. त्यांच्याकडे वर्षाच्या पहिल्या वाचनाचा मान विकत देऊन तो पैसा देवळाच्या दिवाबत्तीला लावायची चाल होती, आणि त्या दिवशी कोहेन आपणहून मान सोडत. एक कोहेन अडून बसला: मी विकतही घेणार नाही आणि सोडणारही नाही. रब्बींनी निकाल दिला की समाजाच्या चालीपुढे त्याचे चालणार नाही. म्हणजे कोहेनाचा मान मोठा खरा, पण त्याच्या पायी सगळ्यांचा दिवा विझू द्यायचा नाही. ज्यांचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळून जगले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, त्या आपल्या लोकांना दिव्याच्या तेलाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आजोबांच्या नाण्यांकडे वळतो.

तोराच्या चौथ्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, ही रक्कम ठरलेली आहे, पाच शेकेल. आजच्या हिशेबाने साधारण १०० ग्रॅम चांदी धरतात. नाणीच पाहिजेत असे नाही. तेवढ्या किमतीची वस्तूही चालते, फक्त जमीन, गुलाम आणि कर्जरोखे चालत नाहीत. म्हणजे घरात आजीचे चांदीचे पैंजण पडून असतील तर त्यावरही काम झाले असते, उसने काढायची गरज नव्हती. हे आधी विचारले असते तर आम्हीच सांगितले असते. आणखी एक, आमची उमर बाळंतिणींच्या वॉर्डात गेली म्हणून सांगतो: सिझेरियनने झालेल्या मुलाला पिदयोन नाही. आईचे किंवा बापाचे वडील कोहेन वा लेवी असले तरी नाही. आधी गर्भ पडलेला असेल तर रब्बींना विचारावे लागते, आणि ते बाईने एकटीने, शांतपणे विचारावे. सासूने चारचौघांत तिच्यातर्फे उत्तरे देऊ नयेत. आम्ही अशा जागी उभ्या असलेल्या मुलींचे चेहरे पाहिले आहेत.

ही नाणी बापाने दिली की ती कोहेनाची झाली. ती दक्षिणा नव्हे आणि ठेवही नव्हे. कोहेनांना इस्राएलात जमिनीचा वाटा मिळाला नाही, म्हणून तोराने त्यांना चोवीस प्रकारची देणी नेमून दिली. त्यांवर त्यांची घरे चालत. त्यातले आज आपल्या हातून होण्यासारखे जे थोडे उरले, त्यातले हे एक. कोहेनाला वाटले तर तो नाणी परत करू शकतो. गरीब बापाला परत केली तर ते चांगलेच. पण सगळ्यांना परत करायची सवय त्याने लावून घेऊ नये असे शुल्हान आरुखमध्ये स्पष्ट आहे. का? तर एकाने सवय लावली की दुसरा कोहेन नाणी ठेवतो तेव्हा लोक त्याला हावरट म्हणतात.

आजोबा, हे वाचून आम्ही चष्मा काढून बाजूला ठेवला. मुंबईत भायखळ्याच्या बगदादी लोकांतून जो कोहेन आपल्याकडे येई, तो चांगल्या मनानेच नाणी परत करी. आम्ही लहान होतो, आम्हांला तो खेळ वाटे. तुम्हांलाही तसाच वाटत आला. त्या भल्या माणसाच्या सवयीचे ओझे आज हॅनोव्हरात एका अनोळखी माणसाच्या डोक्यावर बसले आहे, आणि त्याला त्याचा पत्तासुद्धा नाही.

ह्याहून कडक गोष्ट तालमूदच्या बेखोरोथ भागात आहे. रब्बी हनीना कोहेन होते, नाणी घेत आणि परत देत. एकदा त्यांनी पाहिले की नाणी देऊन गेलेला बाप त्यांच्यासमोरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारतो आहे. त्यांना कळायचे ते कळले. ते म्हणाले, तू मनापासून दिलेच नाहीस, तुझा मुलगा सुटला नाही.

हे वाचून घाबरू नका. आम्हीही आधी घाबरलो, म्हणून तुमच्या मुलाला फोन केला. हे तुम्हांला न विचारता केले, त्याबद्दल माफी असावी. पण मुलाला सोडवायचे काम बापाचे आहे, आजोबांचे नाही. म्हणून विचारायचे होते ते बापालाच. आम्ही विचारले, "बाबा रे, नाणी देताना तुझ्या मनात काय होते?" तो म्हणाला, "मावशी, मी दिली ती दिली. वाट बाबा पाहत होते." मग जरा थांबून म्हणाला, "शावुओथला मला बाहेर जायचे नव्हते. पण बाबांनी हात धरला, सोडवून कसा घेणार?"

तेव्हा बाळ सुटले आहे, काही शंका धरू नका. आणि नाणी मागू नका. मागून मिळाली तरी ती तुम्हांला गोड लागणार नाहीत.

आपल्या जुन्या चालीची आठवण करून देतो. नवसाच्या मुलाचे केस कापायचे नाहीत, सहा-सात वर्षांचा झाला की मग उतरवायचे, आणि उतरवलेल्या केसांच्या भारोभार चांदीची नाही तर सोन्याची नाणी मशिदीला द्यायची. कोणाच्या घरात तो तराजू झाला नाही? त्या तराजूतली नाणी नवस फिटल्यावर परत मागायला गेलेला एकही माणूस आम्ही ऐकला नाही. मग ह्याच पाच नाण्यांचे एवढे का वाटावे? आमच्या मते नाण्यांचे दुःख नाहीच. दुःख आहे ते सात महिने घरी बसलेल्या मुलाचे, आणि ते कुठेतरी काढायला एक माणूस सापडला.

आजोबांच्या पत्रात एक वाक्य असेही आहे की, हा कोहेन खरोखर गरीब असता तर आम्हांला काही वाटले नसते, पण त्याच्या खिशात काय आहे कोणाला माहीत! बरोबर, कोणाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचेही नाही. म्हणून तर रक्कम सगळ्यांना सारखी आहे, श्रीमंत कोहेन असो की गरीब. आपल्या ह्याच गावातला दाखला घ्या. लेफमान बेरेन्स नावाचे एक कोहेन इथे होऊन गेले, १७१४ साली वारले. हॅनोव्हरच्या राजदरबाराचे सावकार. पाच नाण्यांची त्यांना काय गरज! उलट इथल्या यहुद्यांसाठी त्यांनी दरबारात रदबदली केली, प्रार्थनेची जागा उभी केली, विद्वानांना पोसले. त्यांचे जावई रब्बी दाविद ओपेनहाइम प्रागला होते, तिथे पुस्तकांवर सरकारी तपासनिसांचा डोळा, म्हणून जावयाचा सगळा ग्रंथसंग्रह सासऱ्यांकडे हॅनोव्हरात राहिला. पुढे १८२९ साली तो ऑक्सफर्डला गेला आणि आजही तिथे आहे. असे ते घराणे. आणि लेफमान गेल्यावर सातच वर्षांत, १७२१ साली, नातवांच्या पेढीचे दिवाळे वाजले, नातू तुरुंगात गेले. कोहेन तेच, मान तोच, खिसा मात्र रिकामा. खिसा बघून मान द्यायचा म्हटले असते तर दर दहा वर्षांनी नवी यादी करावी लागली असती.

लेफमान ह्यांची कबर नोर्डस्टाटमध्ये ओबरस्ट्रासेच्या जुन्या कबरस्तानात आहे, वाळूच्या टेकडीवर. मुलांनो, तिथून जाताना भिंतीपलीकडे बघा. जर्मनीतल्या जुन्या कबरस्तानांत कोहेनाच्या दगडावर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरलेले असतात, बोटे फाकवलेली. तेच पंजे आजोबांनी शावुओथला पाहायचे टाळले. पण त्या आशीर्वादात कोहेनाचे स्वतःचे काही नसते. तोरात देव म्हणतो, त्यांनी माझे नाव घ्यावे आणि आशीर्वाद मी देईन. टपालवाला आवडत नाही म्हणून आपण आलेले पत्र परत करत नाही.

आता सेदाक्याचे. आजोबांनी पिदयोन आणि सेदाका ह्यांची गल्लत केली आहे, आणि ती पुष्कळांची होते. पिदयोनची रक्कम ठरलेली, घेणारा ठरलेला, दिवस ठरलेला. सेदाक्याला ह्यातले काही नाही. तो ज्याला गरज आहे त्याला, आणि त्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने. यरुशलेमच्या मंदिरात एक गुप्त खोली होती. देणारा गुपचूप ठेवून जाई, चांगल्या घरचा गरीब गुपचूप उचलून नेई, कोणी कोणाला पाहत नसे. आम्ही वॉर्डात पेशंटला पुसून काढताना आधी पडदा ओढत असू, मग पाण्याला हात लावत असू. तसेच हे. आणि सेदाक्यावर जगणाऱ्यानेही त्यातला थोडा सेदाका दुसऱ्याला द्यावा असा रामबामचा नियम आहे. तेव्हा त्या कोहेनाने ती पाच नाणी पुढे कुठे पोचवली असतील ह्याचा विचार कोणी करू नये. आम्हांला एक गोष्ट कळली आहे, पण ती इथे छापणार नाही.

रामबामनी सेदाक्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत खालची, कुरकुरत देणे. सगळ्यांत वरची, माणसाला कामाला लावणे, कर्ज देऊन, भागीत घेऊन किंवा नोकरी शोधून, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागत नाही. ही वरची पायरी हॅनोव्हरच्या एका माणसाने चढून दाखवली. मोरित्झ आलेक्झांडर सिमोन नावाचे पेढीवाले. त्यांनी १८९३ साली आहलेमला यहुदी मुलांसाठी बागकामाची आणि हातकामाची शाळा काढली. नुसती भाकरी वाटली नाही, हातात खुरपे दिले. (आपल्याकडे हाईम सामुएल केहिमकरांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली ती १८७५ ची.) आहलेमची शाळा पुढे नाझींनी बंद केली, आणि त्याच आवारात १९४१ पासून यहुद्यांना गोळा करून पूर्वेकडे पाठवू लागले. त्या डिसेंबरात एका गाडीने १००१ माणसे रीगाला नेली. आज तिथे स्मारक आहे. मुलांना एकदा न्यावे, पण दोन्ही गोष्टी सांगाव्या, शाळेचीही आणि गाडीचीही.

आजोबा, किप्पूरच्या आधी त्या गृहस्थाकडे जा. माफी मागायचे शब्द जर्मनमधून जमत नसतील तर शब्द नकोत. आपल्या मशिदीत प्रार्थना झाल्यावर एकमेकांच्या हातात हात देऊन बोटे ओठांना लावतात तसे करा. त्याला कळले नाही तर नातीला बरोबर न्या, ती सांगेल. आणि दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या शिळ्या सणाला, आपण गरिबांना द्यायचो आणि एकमेकांकडे जायचो, त्या दिवशी त्याला जेवायला बोलवा. मलिदा आवडलाच आहे.

राहिली वरची पायरी. ती आम्हां सगळ्यांची आहे, एकट्या आजोबांची नाही. हा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचे काम जाणतो, विजेच्या कामाचा दाखला आहे, जर्मन बोलतो आणि लिहितो, मोटारीचे लायसन आहे, हॅनोव्हरबाहेर हिल्डेसहाइम किंवा ब्राउनश्वाइगपर्यंत रोज जायची तयारी आहे. कोणाच्या माहितीत जागा असेल त्यांनी आमच्याकडे कळवावे, आम्ही पोचवू. नाव विचारू नये. सुक्कोथच्या आत कळवले तर बरे, कारण घरमालकाची चिठ्ठी महिनाअखेरीची आहे.